पहिल्या जंपिंग राउंडआधी

प्रश्न : माझी मुलगी 11 वर्षांची आहे. पुण्यात क्लबच्या घोड्यावर शिकते आणि सरावात 80 सेंटिमीटरच्या उड्या आरामात मारते. पहिल्याच शोमध्ये तिचं नाव 80 च्या क्लासमध्ये, म्हणजे 80 सेंटिमीटर उंच अडथळ्यांच्या स्पर्धेत, द्यावं का?

उत्तर : नको, 60 मध्ये द्या. रोजच्या मैदानातला प्रत्येक दांडा घोड्याच्या ओळखीचा असतो. शोच्या मैदानात रंगीत फळ्या, फुलांच्या कुंड्या, फडफडणारी कनात, लाउडस्पीकर आणि अनोळखी घोडे असं सगळं एकदम अंगावर येतं. घोडा बिचकतो, मुलगीही बिचकते. अडथळे सोपे असतील तर तिला वळणांकडे आणि लयीकडे लक्ष देता येईल. प्रशिक्षक 80 वरच अडून बसले तर विचारा, याच घोड्यावर, परक्या मैदानात, सलग पूर्ण कोर्स तिने केला आहे का? सुट्या उड्या चांगल्या येणं आणि आठ-दहा अडथळे ओळीने पार करणं यांत फार अंतर आहे.

घोडाही कुठला मिळतोय ते बघा. शो पाहिलेला, वयाने पोक्त घोडा पहिल्या वेळी तरण्या, देखण्या घोड्यापेक्षा शंभर पटीने बरा. आणि हेल्मेट तिच्या स्वतःच्या मापाचं घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धडधाकट दिसलं तरी ते वापरायचं नाही.

प्रश्न : स्पर्धेआधी स्वार कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा ठरलेला मार्ग, पायी चालून बघतात. त्या कोर्स वॉकला सगळे पावलं मोजत असतात. माझा मात्र रस्ताच विसरतो. मी 19 वर्षांचा आहे, माझा पहिलाच क्लास आहे.

उत्तर : मग पहिल्या फेरीत पावलं मोजूच नकोस, फक्त रस्ता पाठ कर. घोड्याला जिथून न्यायचं आहे अगदी तिथूनच चाल, वळणावर कोपरा कापू नकोस. अडथळ्याच्या दोन्ही बाजूंना झेंडे असतात : लाल झेंडा उजव्या हाताला, पांढरा डाव्या हाताला. मित्रांशी गप्पा नंतर. बाहेर आल्यावर डोळे मिटून कोर्स मोठ्याने म्हण, पण नुसते आकडे नको : ‘निळी उभी, उजवीकडे लांब वळण, मग पिवळा ऑक्सर.’ (उभी म्हणजे एकाच रेषेतला उभा अडथळा, ऑक्सर म्हणजे मागेपुढे दांडे असलेला रुंद अडथळा.) मध्ये कुठे अडलास, तर तिथूनच पुन्हा चालून ये.

दुसऱ्या फेरीत पावलं मोज. कॅंटरमधली, म्हणजे संथ दौडीतली, घोड्याची एक झेप साधारण 12 फुटांची, म्हणजे आपली तीन-तीन फुटांची चार पावलं. पहिल्या अडथळ्यानंतर उतरायला 6 फूट आणि पुढच्या उडीसाठी 6 फूट सोड. दोन अडथळ्यांत 60 फूट असतील तर चार झेपा बसतात. हा हिशोब मोठ्या चणीच्या, मोकळ्या चालीच्या घोड्याचा. तुझा घोडा लहानखुरा असेल तर 60 सेंटिमीटरच्या क्लासमध्ये तो त्याच अंतरात पाच झेपा घेईल आणि व्यवस्थित पार होईल. कागदावरचा आकडा गाठायला त्याला पळवू नकोस.

आणखी एक हिशोब कर. 400 मीटरचा कोर्स आणि मिनिटाला 350 मीटरचा वेग धरला तर वेळ मिळते 69 सेकंद. त्यातले घोडा हवेत असतो ते थोडेच सेकंद. उरलेला सगळा वेळ जमिनीवरचा : सरळ रेषा, वळण, एकसारखा कॅंटर. म्हणून शोच्या आधीच्या आठवड्यात उड्या कमी कर आणि फ्लॅटवर्क, म्हणजे उड्यांशिवायचा चालींचा सराव, वाढव. जंपिंगवाले ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धाप्रकाराला, कंटाळवाणं म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताला घोडेस्वारीतलं सांघिक सुवर्ण मिळालं ते ड्रेसाजमध्येच, आणि त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता.

प्रश्न : वॉर्म-अपच्या गर्दीत मी गोंधळते. किती उड्या घ्याव्यात?

उत्तर : सहा-आठ पुरेत. आधी चाल, ट्रॉट (दुडकी चाल), कॅंटर, मग छोटा क्रॉस (फुलीसारखे लावलेले दांडे), उभा अडथळा, शेवटी ऑक्सर. एक चांगली उडी मिळाली की थांबा. घोड्याची ताकद आतल्या कोर्ससाठी आहे. समोरून येणाऱ्याला डाव्या खांद्याला डावा खांदा ठेवून जाऊ द्या, ज्या अडथळ्यावर जाणार त्याचं नाव मोठ्याने पुकारा, आणि सरावाचा अडथळाही झेंड्यांच्या उलट दिशेने घेऊ नका.

प्रश्न : घोडा अडथळ्यापुढे थांबलाच तर?

उत्तर : आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे घोड्याच्या पहिल्या नकाराला 4 दोष (दंडाचे गुण), दुसऱ्या नकाराला बाद. लहान क्लासमध्ये आयोजक सूट देऊ शकतात, म्हणून शोचं पत्रक आधी वाचा. थांबताना दांडे पडले तर घंटा वाजते आणि घड्याळ थांबतं. पुन्हा घंटा होईपर्यंत अडथळ्याकडे जायचं नाही.

नवखा स्वार अडथळ्याच्या पायथ्याकडे बघतो, घोड्याच्या आधीच पुढे झुकतो किंवा शेवटच्या क्षणी लगाम ओढतो. बहुतेक नकार इथून येतात. दुसऱ्यांदा जाताना नजर अडथळ्यापलीकडे, पाय गच्च, वेग तोच. चाबूक लागलाच तर पायामागे, एकदा, आणि तत्क्षणी. लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा मारायला नियमच परवानगी देत नाही, आणि बाद झाल्यावर चाबूक वापरणं पूर्ण बंद. चिडून घोड्याला मारणाऱ्या मुलाला त्या दिवशी पुन्हा रिकिबीत पाय ठेवू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. एरवी न थांबणारा घोडा थांबायला लागला तर आधी पाठ, खोगीर आणि नाल तपासून घ्या.

प्रश्न : सुरुवातीची घंटा झाल्यावर लगेच निघायचं का?

उत्तर : निघायला 45 सेकंद असतात. घोड्याला कॅंटरमध्ये आणा, श्वास सोडा, मग निघा. घंटेआधी आरंभरेषा ओलांडून अडथळा घेतला तर बाद. शेवटची रेषा ओलांडल्यावर उत्साहात आणखी एक उडी मारू नका.

प्रश्न : आमचे मोतद्दार (घोड्यांची देखभाल करणारे) म्हणतात, तापलेल्या घोड्याला पाणी द्यायचं नाही. खरं का?

उत्तर : हा समज जुना आहे आणि चुकीचा. मोतद्दारांचा हात आणि नजर अमूल्य असते, पण इथे त्यांना प्रेमाने समजवा. घामेजलेल्या घोड्याला साधं पाणी पिऊ द्या. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा, सावलीत चालवा, श्वास शांत होईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहा. संध्याकाळी चारही पायांवरून हात फिरवून कुठे गरम किंवा सुजलेलं लागतंय का बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडक जमिनीवर सरळ रेषेत ट्रॉट करून दाखवायला सांगा.