कॅफीन दिलं की प्रयोगशाळेतले उंदीर जास्त दारू पितात, हे खरं आहे का?

तुम्ही बेळगावात फार्मसी शिकताय आणि दोन गोष्टी विचारल्यात. वर्गात ऐकलेलं हे खरं का? आणि गोव्याहून चोर्ला घाटाने परतताना तुमचा मित्र प्यायल्यावर कडक कॉफी घेऊन गाडी चालवतो, ते चालतं का? मी खानापूर तालुक्यातला, फार्माकॉलॉजी शिकवतो. दुसरा प्रश्न वाचला नसता तर कदाचित लिहायला बसलोही नसतो.

खरं आहे, पण सगळं मात्रेवर आहे. पिंजऱ्याला दोन बाटल्या लावतात, एकीत पाणी, दुसरीत पातळ अल्कोहोल, आणि कुठली किती संपली ते मोजतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका कामात रॅटना, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांना, किलोमागे ५ मिलिग्रॅम कॅफीन टोचल्यावर त्यांचं पिणं वाढलं. मात्रा दुप्पट केली तर वाढलं नाही. पुढे काही प्रयोगांत त्याहून मोठ्या मात्रेने पिणं उलट कमी झालं. २०१६ मध्ये तर माइसना, म्हणजे छोट्या जातीच्या उंदरांना, अल्कोहोल आणि कॅफीन एकत्रच दिलं. कॅफीन कडू, तरीही कोवळ्या आणि प्रौढ दोन्ही वयांच्या माइसनी अल्कोहोल जास्त घेतलं.

ते ५ मिलिग्रॅम माणसाच्या हिशेबात आणायला ६.२ ने भागतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ४८ मिलिग्रॅम, साधारण एक कप कॉफी. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५. हा हिशेब ढोबळ आहे, शिवाय रॅटच्या शरीरातून कॅफीन तासाभरात निम्मं होतं, आपल्याला पाचेक तास लागतात. तरी पोरं रममध्ये जे मिसळतात ते या पट्ट्यापासून फार लांब नाही, हे मला अस्वस्थ करतं.

कारण ॲडिनोसिन या मेंदूला सुस्तावणाऱ्या रसायनात आहे. अल्कोहोलमुळे मेंदूत पेशींबाहेरचं ॲडिनोसिन वाढतं. पेंग, सुस्ती, 'आता पुरे' ही भावना बरीचशी त्यातून येते. कॅफीन त्याचे ए१ आणि ए२ए हे रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं त्या जागा, अडवून बसतं. ब्रेकची तार सैल व्हावी तसं होतं. ज्या माइसमध्ये ए२ए रिसेप्टर जन्मतःच नव्हता, ते साध्या माइसपेक्षा जास्त अल्कोहोल पितात असं २००२ मध्येच दिसलं होतं. परीक्षेत यंत्रणा विचारली तर हा पुरावा लिहाच.

आता तुमच्या मित्राचं. २००९ चा एक प्रयोग त्याला जरूर सांगा. अधिक चिन्हासारख्या चक्रव्यूहात एका वाटेला गेलं की माइसवर झगझगीत प्रकाश आणि कर्कश आवाज सोडायचे. शुद्धीतला माऊस ती वाट लवकर टाळायला शिकतो. अल्कोहोल दिलेला शिकत नाही. अल्कोहोलवर कॅफीन दिलं तरी शिकणं काही परत येत नाही. त्रास कुठल्या वाटेला आहे हे ते जनावर कॅफीन पोटात असूनही शिकत नाही.

गोव्यातलं साखळी गाव सोडल्यावर कणकुंबीपर्यंतची वळणं, पावसाळ्यातलं धुकं, समोरून येणारे ट्रक हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तिथे नुसतं जागं राहून भागत नाही, वळण ओळखून पाय वेळेवर ब्रेकवर पडावा लागतो. कॉफीने रक्तातलं अल्कोहोल उतरत नाही. ते यकृतच आपल्या गतीने काढतं, आणि त्या गतीला कॅफीनने घाई होत नाही. उलट झोप उडाल्यामुळे 'मी ठीक आहे' असं त्याला मनापासून वाटतं. त्या रात्री गाडी न प्यायलेल्याच्या हातात द्या, कुणी नसेल तर गोव्यातच मुक्काम करा. त्याने कॉफीचा हट्ट धरला तर किल्ली आधी काढून घ्या.