कॉलिन केपरनिक राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून का बसला, तो देशाचा अपमान नव्हता का?

अजिबात नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल टीमचा हा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून टीमचा खेळ चालवणारा खेळाडू) मॅचआधी राष्ट्रगीत चालू असताना नुसता बाकावर बसून राहायचा, कारण पोलिसांच्या हातून कृष्णवर्णीय माणसं मरतायत आणि कोणाला शिक्षा होत नाही हे त्याला सहन होत नव्हतं. मग नेट बॉयर नावाच्या माजी सैनिकाने त्याला जाहीर पत्र लिहिलं, दोघं भेटले, बोलले, आणि बॉयर म्हणाला की बसून राहण्यापेक्षा गुडघा टेक, आम्ही सैनिक गेलेल्या साथीदाराच्या कबरीपुढे तसाच टेकतो. १ सप्टेंबरला सॅन डिएगोत त्याने तेच केलं, सोबत टीममधला साथीदार एरिक रीडही, आणि बाजूला बॉयर छातीवर हात ठेवून उभा! आता यात अपमान कुठे आला सांगा? ना घोषणा, ना दगडफेक. तरी तो सीझन संपल्यावर एकाही टीमने त्याला घेतलं नाही, वय जेमतेम २९. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस पोलिसांच्या हातून गेल्यावर या फुटबॉल लीगचे, म्हणजे एनएफएलचे, कमिशनर (प्रमुख) रॉजर गुडेल व्हिडिओत म्हणाले की खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही आमची चूक, पण केपरनिकचं नाव त्यात घेतलंच नाही, याचा मला आजही राग येतो.