शुभवर्तमाने कोणी लिहिली?

प्रश्न : मत्तय, मार्क, लूक व योहान यांनीच शुभवर्तमाने लिहिली का? ती मुळात हिब्रूत होती, असे आमच्याकडे एका व्याख्यानात ऐकले. – एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)

उत्तर : चारही शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्राचे ग्रंथ, मुळात ग्रीकमध्येच लिहिली गेली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. येशूची बोली अरामी होती खरी. पण रोमन साम्राज्याच्या पूर्व भागात लेखनव्यवहार मुख्यतः ग्रीकमध्ये चाले. आपण ऐकलेल्या मताचे मूळ दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती बिशप पापियास याच्या विधानात आहे, कारण मत्तयाने हिब्रूत लेखन केल्याचे तो सांगतो. परंतु मत्तयाच्या शुभवर्तमानात मार्कचा बहुतेक मजकूर, कित्येकदा ग्रीक शब्दरचनेसकट, उतरलेला असल्याने आजचा ग्रंथ हिब्रूवरून भाषांतरित झाला असावा, हे पटत नाही. मार्क सर्वांत आधीचा, साधारण इ.स. 70 च्या आसपासचा मानला जातो.

लेखकांविषयी म्हणाल, तर मजकुरात कोणीही स्वतःचे नाव दिलेले नाही; ही चार नावे एकत्र आणि स्पष्टपणे आढळतात ती इ.स. 180 च्या सुमारास, ख्रिस्ती बिशप इरेनियसच्या लेखनात. परंपरा जुनी आहे, पुरावा मात्र तोकडा. लूक तर आरंभीच, ज्याला उद्देशून तो लिहितो त्या थियफिलाला सांगतो, की प्रत्यक्षदर्शींकडून आलेल्या वृत्तांताचा शोध घेऊन आपण लिहीत आहोत; हा प्रांजळपणा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.