मैत्रिणीच्या लग्नाला एकट्याच जा, आणि दोन दिवस आधी पोहोचा

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. शाळेपासूनच्या माझ्या मैत्रिणीचं लग्न या नोव्हेंबरच्या अखेरीस कोल्हापूरला आहे. मला जायचंच आहे. नवरा म्हणतो, सख्ख्या बहिणीचं असतं तर गोष्ट वेगळी, मैत्रिणीच्या लग्नासाठी तिघांची तिकिटं कशाला? आम्ही दोघं एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहोत. माझा पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का पुढच्या वर्षापर्यंत आहे, त्याचा संपलाय. मुलगा चार वर्षांचा, जन्म इथलाच, ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) अजून काढलेलं नाही. त्यात सोलापूरला सासूबाईंना कुणकुण लागली आहे. त्या म्हणतात, येताय तर पंधरा दिवस तरी या. माझं माहेरही आता कोल्हापुरात नाही, आईबाबा भावाकडे पुण्याला असतात. रजा आठ दिवस उरली आहे. काय करू?

उत्तर : जा. पण एकट्या जा.

तुमच्या पत्रात दोन प्रवास एकमेकांत गुंतलेत. एक मैत्रिणीच्या लग्नाचा, दुसरा घरच्यांच्या भेटीगाठींचा. दोन्ही एकाच तिकिटात बसवायला निघालात, म्हणून पैसा, रजा आणि कागदपत्रं तिन्ही अपुरी पडताहेत. घरच्यांचा प्रवास पुढच्या उन्हाळ्यात सावकाश करता येईल. लग्नाची तारीख काही पुढे सरकणार नाही.

आधी कागदांचं बोलू, कारण तिथे हौस कामाला येत नाही. तुमच्या यजमानांनी यात अजिबात पडू नये. इथे राहायला आय-७९७ (एच-१बीच्या मंजुरीचा कागद) पुरतो, पण भारतात जाऊन परत शिरायचं तर चालू मुदतीचा शिक्का लागतो. पूर्वी मुलाखतीशिवाय, नुसता पासपोर्ट जमा करून काम व्हायचं. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांची ती सोय गेली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ (एच-१बीवाल्यांच्या जोडीदार-मुलांचा व्हिसा) अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खाती तपासायला सुरुवात झाली, तेव्हा भारतातल्या कितीतरी जणांच्या ठरलेल्या मुलाखती काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नाला म्हणून गेलेली माणसं तिथेच अडकून पडली आणि इकडे भाडं, गाडीचा हप्ता, नोकरी सगळं टांगणीला लागलं. कॅनडा-मेक्सिकोत जाऊन शिक्का आणायची पळवाटही आता जवळजवळ बंदच आहे, कारण अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करावा असं अमेरिकी सरकारनं सांगून ठेवलंय. तेव्हा यजमानांचं ‘परवडत नाही’ हे कारण बाजूला ठेवा. त्यांनी न येण्याचं खरं आणि पुरेसं कारण हा शिक्का आहे. तसं एकदा मोकळेपणी म्हटलं की घरातला अर्धा वाद मिटेल.

तुमचं मात्र ठीक आहे. नोकरी बदलली असेल तरी जुन्या कंपनीच्या नावाचा मुदतीतला शिक्का नव्या आय-७९७ सोबत चालतो. तरीही तिकिटाआधी कंपनीच्या वकिलाला एकदा विचारा, आणि मूळ आय-७९७, अलीकडच्या पगाराच्या पावत्या नि नोकरीचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. मुलाला ई-व्हिसा काढून नेता येईल हे खरं. पण चार वर्षांचं मूल, साडेदहा तासांचा घड्याळातला फरक, अनोळखी कार्यालयातला गोंगाट आणि तुमचा प्रत्येक क्षण ‘तो जेवला का’ यात. मग लग्नाला जाऊन तुम्ही पाहणार काय? त्याला बाबाजवळ राहू द्या.

आता तो ‘सख्ख्या बहिणी’चा मुद्दा. यजमानांचं बोलणं टोचलं असेल, पण आपल्या लग्नाची रचनाच त्यांच्या बाजूने साक्ष देते. मराठी लग्नात प्रत्येक नात्याला नेमून दिलेलं काम आहे. पाठीशी मामा उभा, कानपिळीला भाऊ, मागे करवली, ओटी भरायला मावश्या-काकू. मैत्रिणीला कुठलाच मान नाही, कुठलाच विधी नाही. अक्षता टाकायला तीही सगळ्यांसारखी गर्दीत उभी. तुम्ही ऐन मुहूर्ताला पोहोचलात तर तुम्ही पाहुण्या, बस. स्टेजवर रांगेत उभं राहून एक फोटो, पंगतीत जेवण, आणि नवरी तुमच्याशी चार वाक्यंही बोलू शकणार नाही. एवढ्यासाठी न्यू जर्सीहून येणं खरोखरच महाग आहे.

मैत्रिणीची खरी जागा आदल्या दोन दिवसांत असते. पार्लरवाली उशिरा येते, ब्लाउजचा हुक तुटतो, आई कुणावर तरी ओरडते, वडील छतावर जाऊन एकटेच उभे राहतात, आणि नवरीला दहा मिनिटं कुणाजवळ तरी रडून घ्यायचं असतं. तिच्या चुलतबहिणींना हे सांगता येत नाही, कारण ते संध्याकाळपर्यंत सगळ्या घरात होतं. मेंदी भरलेल्या हातांना चहा पाजायला, फोन सांभाळायला, आहेराची पाकिटं कुठल्या पिशवीत आहेत हे लक्षात ठेवायला अशी एक जण लागते, जिला स्वतःचं मानपान नाही. तेव्हा लग्नाला जा म्हणजे आदले दोन दिवस जा. वेळ कमीच पडली तर मी म्हणेन रिसेप्शन सोडा, पण आदली रात्र सोडू नका.

पत्रिकेवरच्या वेळेवरून तिकीट काढू नका. कोल्हापूरकडे कित्येक घरांत हळद लग्नाच्या दिवशी सकाळीच लागते आणि दुपारी साडेबाराच्या सुमाराला अक्षता पडतात. काही घरांत हळद आदल्या दिवशी, काहींचा मुहूर्त गोरज. पत्रिकेत यातलं निम्मंच असतं. मैत्रिणीला नाही, तिच्या धाकट्या भावाला किंवा वहिनीला विचारा. सगळं कार्य कसं ठरलंय हे नेहमी त्यांनाच ठाऊक असतं.

आणखी एक. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेलेत. तुळशीचं लग्न २१ नोव्हेंबरला, म्हणजे लग्नसराई तिथून सुरू होणार आणि डिसेंबरच्या मध्यात धनुर्मास लागायच्या आत सगळ्यांना उरकायचं असणार. कार्यालयं, लॉज, गाड्या, शिंपी, सगळीकडे झुंबड. तुमच्या पथ्यावर पडणारी गोष्ट एकच, थँक्सगिव्हिंगची अमेरिकेतली सुट्टी यंदा गुरुवारी, २६ नोव्हेंबरला आहे. शनिवार २१ला निघालात तर सहा दिवसांच्या रजेत २ डिसेंबरपर्यंतचे बारा दिवस हाती येतात (शुक्रवारी ऑफिस बंद असेल असं धरून). उरलेली दोन दिवसांची रजा तशीच ठेवा. विमानं उशिरा सुटतात आणि पोरं आजारी पडतात.

मुंबईत उतरून त्याच दिवशी वेगळ्या तिकिटावरचं कोल्हापूरचं विमान पकडायच्या भानगडीत पडू नका. पहिलं विमान लांबलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. दिवसभर मुंबईत कुणाकडे तरी पाठ टेका आणि रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरा, सकाळी कोल्हापुरात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, भारतात सकाळी आठला, म्हणजे सप्टेंबरात तुमच्याकडे आदल्या रात्री साडेदहाला. पण सुरुवातीला ऑनलाइन बुकिंग आधार जोडलेल्या खात्यातूनच होतं, त्यामुळे जागरण करू नका, पुण्याच्या भावाला सांगा. आईबाबांनाही त्या लग्नाचं आमंत्रण असणारच. त्यांना कोल्हापूरलाच यायला सांगा, म्हणजे पुण्याला वेगळं जावं लागणार नाही.

राहायची खोली स्वतः बुक करा, आणि आत्ताच. नाहीतर नवरीचे वडील ‘परदेशातून आलीये, तिला एसी लागेल’ म्हणून कार्याच्या धावपळीत तुमच्यासाठी लॉज शोधत फिरतील. नमुन्याचं ब्लाउज सप्टेंबरातच इकडून जाणाऱ्या कुणाबरोबर धाडा. ऐन सराईत कोल्हापूरचा शिंपी कुणालाच ओळखत नाही.

आहेराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. पत्रिकेवरचं ‘कृपया आहेर आणू नये’ हे पाहुण्यांसाठी असतं. पण परफ्यूम नि पर्सेसची बॅगही नको, ते सगळं तिला तिथेच मिळतं. तुम्ही रक्कम देणार असाल तर ती स्टेजवरच्या पाकिटात देऊ नका. लग्नाच्या महिनाभर आधी, कार्यालयाचे आणि केटररचे उरलेले पैसे भरायचे असतात तेव्हा, तिच्या हातात गुपचूप पोहोचू द्या. त्या वेळच्या दहा हजारांचा उपयोग नंतरच्या वीस हजारांना येत नाही.

सासूबाईंचं जरा नाजूक आहे. लपवून जाऊ नका. अक्षता पडायच्या आत कुणाच्या तरी स्टेटसवर तुमचा फोटो झळकेल आणि पुढची पाच वर्षं तो विषय निघेल. फोन तुम्ही करू नका, यजमानांना करायला लावा, आणि तोही तिकीट काढण्याआधी. त्यांनी आईला सरळ सांगावं की माझा शिक्का संपलाय, मी आणि पोरगा आत्ता येऊ शकत नाही, ती मैत्रिणीच्या लग्नाला येतेय आणि दोन रात्री तुमच्याकडे राहणार आहे. आईच्या रागाला मुलानं सामोरं जावं. सुनेनं सांगितलं की तेच वाक्य उर्मटपणा ठरतं.

दोन रात्री म्हटलं, त्या द्याच. लग्नानंतर नवरी सासरी गेली की ती रात्र कोल्हापुरात तिच्या आईजवळ काढा. त्या दिवशी त्या घरात कुणी बोलायला लागतं, आणि तुम्ही शाळेपासूनच्या. दुसऱ्या दिवशी गाडी करून सोलापूर, चार-पाच तासांचा रस्ता. नातू नाही म्हणून सासूबाई रुसतील, पण नातवाशिवाय, नवऱ्याशिवाय, नुसती सून म्हणून कधी त्यांच्याजवळ निवांत बसला आहात का? परतीला सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी मुंबईत सोडते. विमान त्याच सकाळचं मात्र घेऊ नका, रात्रीचं घ्या.

आणि खर्चाचं. तिघांऐवजी एकाचं तिकीट झालं, त्यामुळे यजमानांची मूळ तक्रार तशीही उरत नाही. उरलीच, तर त्यांना एक विचारा, त्यांच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या जोडीदाराचं लग्न असतं तर? मला वाटतं पुरुष हा प्रश्न स्वतःला फारसा विचारत नाहीत, कारण मित्राच्या लग्नाला एकट्यानं जाणं त्यांच्या बाबतीत कुणालाच खटकत नाही.

जाण्याआधी मुलाच्या डे-केअरमध्ये एक काम करून ठेवा. मुलाला घरी न्यायला येऊ शकणाऱ्यांच्या यादीत यजमानांखेरीज आणखी एका शेजाऱ्याचं किंवा मित्राचं नाव लेखी घाला. यजमानांची मीटिंग लांबली आणि तुम्ही महालक्ष्मीत झोपलेल्या असाल, तर फोनवरच्या तोंडी परवानगीवर ते मूल कुणाच्या हाती देणार नाहीत.