आठ वर्षांच्या मुलीला गाणं शिकवायला विशारद झालेल्या बाई बऱ्या, की घराण्याची तालीम घेतलेले गुरुजी?

ठरवण्याआधी दोघांच्याही शिकवणीला एकेक दिवस मागे बसून या. विशारद बाईंनी सहसा प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासून विशारदपर्यंत एकेक परीक्षा दिलेली असते, त्यामुळे राग, ताल, स्वरलेखन क्रमाने होतं. तालीम घेतलेले गुरुजी कदाचित सहा महिने एकटा भूप रागच घोटून घेतील. घाई नसेल तर त्यासारखं सुख नाही.

माझ्या बाई पेटी बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर सा लावायला सांगायच्या. सूर जरा उतरला की बोट वर. माझा कान तिथेच तयार झाला. मुलगी बेसूर झाली तर थांबवतात, की पेटी जोरात वाजवून पुढे जातात, एवढं नक्की बघा. परीक्षा काय, नंतरही देता येतात.