१० बाय १४ च्या मीटिंग रूममध्ये व्हिडिओ कॉलसाठी काय घ्यावं, कसं लावावं?

तुम्ही दिलेला तपशील असा: एका बाजूला काच, समोरच्या भिंतीवर ४३ इंची टीव्ही, ७ फुटी टेबल, सहा खुर्च्या, कॉल लॅपटॉपवरून. पलीकडे आवाज घुमतो, टीव्हीजवळचे दोघे कापले जातात, म्हणून फोर-के कॅमेरा घेऊ का?

आत्ता तरी नका. चित्र जरा पुसट असलं तर लोक चालवून घेतात. शब्द गळायला लागले की दहा मिनिटांत "मेलच करा ना" वर गाडी येते. पहिला पैसा आवाजावर घाला.

लॅपटॉपचा माइक हातभर अंतरावरच्या माणसासाठी असतो. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. म्हणून शेवटच्या खुर्चीवरचा माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं. टेबलाच्या मधोमध एक यूएसबी स्पीकरफोन ठेवा, म्हणजे माइक आणि स्पीकर एकाच डबीत. टीव्हीचा स्पीकर आणि वेगळा माइक ही जोडी टाळा: टीव्ही आवाज किंचित उशिरा सोडतो आणि प्रतिध्वनी काढून टाकणाऱ्या सॉफ्टवेअरचा हिशेब चुकू शकतो. लॅपटॉपला टीव्हीची एचडीएमआय केबल लावली की विंडोज बऱ्याचदा आवाज आपणहून टीव्हीकडे वळवतं. साउंड सेटिंगमध्ये टीव्हीचं आउटपुट सरळ डिसेबल करा.

तरी प्रतिध्वनी आला तर आधी विचारा, ऐकू कोणाला येतोय? पलीकडच्याला स्वतःचाच आवाज परत येत असेल तर दोष तुमच्या खोलीत. तुम्हाला तुमचा येत असेल तर त्यांच्याकडे. तुमच्याकडे असेल तर बहुधा खोलीतल्या आणखी कोणीतरी आपल्या लॅपटॉपवरून तोच कॉल जॉइन केलेला असतो. त्याने नुसता माइक म्यूट करून भागत नाही, स्पीकरही बंद हवा.

घुमारा वेगळा. खोलीत एक टाळी वाजवा; मागे झणझण राहिली तर कुठलाही माइक पुरा पडणार नाही. नॉइज सप्रेशन, म्हणजे कॉलच्या अॅपमधली गोंगाट गाळायची सोय, पंख्याची घरघर कापतं, घुमारा तेवढा जात नाही. काचेवर भरपूर चुण्यांचा जाड पडदा, काचेच्या समोरच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला, मोठा सॉफ्टबोर्ड, एवढ्याने बराच फरक पडतो. कॉलपुरता टेबलावरचा पंखा बंद ठेवा. आणि चहाचे कप स्पीकरफोनपासून लांब. बशीचा खणखणाट पलीकडे हातोड्यासारखा पोचतो.

आता कॅमेरा. खोक्यावर लिहिलेला दृश्याचा कोन बहुतेकदा कर्णाचा, म्हणजे चित्राच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा असतो: ९० अंश लिहिलं असेल तर आडवे सुमारे ८२ मिळतात. पहिली खुर्ची कॅमेऱ्यापासून ३ फुटांवर असेल तर तिथे सव्वापाच फूटच रुंदी दिसते, आणि समोरासमोरच्या दोन खुर्च्यांना सहा तरी लागतात. टेबल फूटभर मागे ओढलंत की तीच रुंदी ७ फूट होते. फुकट! मागे जागाच नसेल तर १२० अंशांचा घ्या; कडेचे चेहरे थोडे ताणले जातात, इलाज नाही. कॅमेरा टीव्हीच्या माथ्यावर नको, खालच्या कडेला, जमिनीपासून साधारण ४ फुटांवर. खिडकी माणसांच्या पाठीमागे येऊ देऊ नका, नाहीतर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचं ५० करा. आपली वीज ५० ची आहे.

तारेत लोक फसतात. यूएसबी २.० ची साधी केबल ५ मीटरपर्यंतच. भिंतीवरून खाली, जमिनीवरून, टेबलावर, असं मोजलं की ४ मीटर सहज होतात. ५ मीटरहून लांब लागलं तर अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन घ्या, म्हणजे सिग्नल पुन्हा जोरदार करणारी केबल. दोन साध्या केबल जोडल्या की स्पीकरफोन ऐन बोलण्यात गायब होऊ शकतो. केबल केसिंग पट्टीतून न्या, विजेच्या वायरीच्या पट्टीतून नको.

नेट वायफायवर नको, कॅट-६ ची लॅन केबल ओढा. १०८० पिक्सेलच्या कॉलला दोन्ही बाजूंनी ३-४ एमबीपीएस लागतात, तेवढे बहुतेकांकडे असतात. अडतं ते अपलोड: सीसीटीव्हीचं क्लाउड रेकॉर्डिंग किंवा ड्राइव्हचा बॅकअप त्याच वेळी चालू असतो. बॅकअपची वेळ रात्रीची लावा. चित्र अडकलं की लॅपटॉपवरून राउटरला पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तराला किती वेळ लागतो ते बघा: तिथेच आकडा उड्या मारत असेल तर घोळ तुमच्या आतल्या जोडणीत, तिथे १-२ मिलिसेकंद स्थिर असून बाहेर उड्या असतील तर अपलोड भरलंय किंवा लाइनमध्ये गडबड आहे. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला तर वीज गेल्यावर राउटर चालू, नेट बंद.

सगळं लावून झाल्यावर शेवटच्या खुर्चीवर बसून नेहमीच्या आवाजात दोन मिनिटं बोला, कॉल रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. कॅमेऱ्याचा निर्णय त्यानंतर घ्या.