म्हातारा गोया नेमका कोणी रंगवला?

प्रश्न: स्पेनचा चित्रकार गोया याचं एक पोर्ट्रेट नेटवर सारखं समोर येतं, राखाडी कोट, हातात ब्रश आणि पॅलेट, चेहरा एकदम कडक. ते त्याने स्वतःच काढलंय का? आणि रोमँटिक काळातली, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली स्पॅनिश पोर्ट्रेटं म्हणजे अशीच का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही हो, ते विसेंते लोपेझ या चित्रकाराचं काम आहे, 1826 सालचं, माद्रिदच्या प्रादो म्युझियममध्ये आहे. गोया तेव्हा 80 वर्षांचा, फ्रान्समधल्या बोर्डो शहरात राहायचा, दरबारी चित्रकाराच्या नोकरीतून रिटायर व्हायची परवानगी मागायला माद्रिदला आलेला. राजा फर्नांदो सातवा याने पगार चालू ठेवून ती दिली आणि त्याच मुक्कामात लोपेझने त्याला समोर बसवलं. लोपेझचा हात एरवी फार घोटीव, लेस, मेडल, रेशीम सगळं चकचकीत, त्यामानाने इथे तो कितीतरी मोकळा वाटतो, आणि म्हाताऱ्याची ती रोखलेली नजर तर त्याने जशीच्या तशी पकडलीय. मला त्याचं हेच चित्र सगळ्यात आवडतं.

पण रोमँटिक काळाचा खरा भावनावेग बघायचा तर गोयाने स्वतःला कसं रंगवलंय ते बघा. 1819 च्या शेवटी तो मरता मरता वाचला, बहिरा तर 1793 पासूनच होता, मग 1820 मध्ये त्याने डॉक्टर आरिएताबरोबरचं स्वतःचं चित्र काढलं, ते आता अमेरिकेत मिनियापोलिसच्या म्युझियममध्ये आहे. डॉक्टरने मागून त्याला सावरलंय, औषधाचा ग्लास तोंडाशी धरलाय, आणि गोयाची मान मागे कललेली, बोटांनी पांघरूण घट्ट धरलेलं. मागच्या अंधारात काही चेहरे पुसटसे दिसतात. खाली त्याने 73 व्या वर्षी जीव वाचवल्याबद्दल डॉक्टरचे आभार लिहून ठेवलेत. राजाच्या पहिल्या चित्रकाराने स्वतःला इतकं असहाय रंगवावं, ह्याला केवढी हिंमत लागत असेल! ना पदक ना मानाचा पोशाख, नुसता आजारी माणूस आणि त्याला धरून बसलेला दुसरा माणूस, माझ्या मते त्या काळातलं स्पेनचं सगळ्यात धीट पोर्ट्रेट हेच.

पुढच्या पिढीत फेदेरिको दे माद्रासोने पुन्हा नजाकत आणली, त्याचं 1853 चं विल्चेसच्या काउंटेसचं निळ्या ड्रेसमधलं पोर्ट्रेट देखणंच आहे. पण तुम्ही आधी आरिएताचं चित्र मोठं करून बघा, आणि त्यातली बोटं जरा जास्त वेळ बघा.